फूल गळालं तर हाताला दोष देऊ नका

सहा हजार आठशे रुपये गेल्याचं दुःख आहेच, ते नाही असं मी म्हणणार नाही. पण त्याहून जास्त लागलं ते एक वाक्य. "काकू, काही जणांच्या हाताला झाड लागतच नाही, त्याला आम्ही तरी काय करणार?" माझ्या घरात, माझ्या स्वयंपाकघराच्या ग्रिलपाशी उभं राहून, माझ्या सुनेसमोर ते गृहस्थ हे बोलले आणि चहा पिऊन निघून गेले.

माझं माहेर जुन्नर तालुक्यातलं. दादाचं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचं, सगळं वर्ष टोमॅटोवर चालतं. माल नारायणगावच्या बाजारात जातो. लग्नाआधी मीही सुतळीने झाडं बांधली आहेत. टोमॅटोच्या झाडात दिवसभर हात घातला की बोटं हिरवट काळी होतात आणि साबणाने निघत नाहीत, हे मला कुणी सांगायला नको. अशा बाईच्या हाताला झाड लागत नाही, हे ऐकून मी त्या वेळी गप्प बसले, कारण समोर दहा कुंड्या होत्या आणि दहांमध्ये मिळून एक फळ नव्हतं. हे सगळं लिहिते आहे ते निम्मं त्या गप्प बसण्यासाठी, आणि निम्मं नवी मुंबईतल्या त्या प्रत्येकासाठी, जो आज हिरवीगार झाडं आणि गळलेली फुलं बघून स्वतःला दोष देत बसला आहे.

सुरुवात 2023 च्या जुलैत झाली. तो महिना कुणी विसरलेलं नाही. मी नेरूळच्या मंडईतून दीडशे रुपये किलोने टोमॅटो आणले, तेही पाव किलो मोजून. दादाला त्या हंगामात चार पैसे जास्त मिळाले याचा आनंद होता, पण वाशीच्या बाजार समितीपासून हाकेच्या अंतरावर राहून आपण आमटीत कोकम घालतो आहोत हेही खुपत होतं. घरी लावूया, असं तेव्हा मनाने घेतलं. पुढच्या फेब्रुवारीत एका फुलाफळांच्या प्रदर्शनात या गृहस्थांचा स्टॉल दिसला. दहा कुंड्या, भरलेलं मिश्रण, दहा रोपं, खताच्या दोन बाटल्या आणि दोन महिने घरी येऊन देखरेख. "वर्षभर टोमॅटो, महिन्याला दहा किलो कुठे गेले नाहीत," हे त्यांचे शब्द. मी विचारलं होतं, आत्ता फेब्रुवारी संपत आला, उन्हाळा तोंडावर आहे, चालेल ना? त्यावर त्यांनी मलाच विचारलं, "तुमचं गाव जुन्नरकडचं म्हणता, मग तुमच्याकडे उन्हाळी लागण होत नाही का?"

होते. फेब्रुवारी-मार्चमध्येच होते, आणि त्या मालावर तर आमच्याकडची घरं उभी आहेत. मी निरुत्तर झाले. हा प्रश्न नीट लक्षात ठेवा, सगळी फसवणूक त्याच्या पोटात होती. ते मुद्दाम फसवत होते की त्यांनाही माहीत नव्हतं, हे मला आजही ठरवता येत नाही. पण जो माणूस टोमॅटो लावून देण्याचे पैसे घेतो, त्याला हे माहीत नसणं हीसुद्धा फसवणूकच आहे.

24 फेब्रुवारीला रोपं लागली. मार्चमध्ये झाडं इतकी सुंदर वाढली की शेजारच्या बायका फोटो काढून घेऊन गेल्या. महिनाअखेरीला फुलांचे घोस आले. आणि मग एक-एक फूल पिवळं पडायला लागलं. टोमॅटोच्या फुलाच्या देठाला मध्ये एक गाठ असते. ती पिवळी पडते आणि बोट लावलं की फूल तिथून अलगद सुटतं. मी रोज सकाळी ग्रिलच्या पत्र्यावरून पंधरा-वीस फुलं गोळा करायचे.

फोन केला तर म्हणाले, पाणी जास्त होतंय. पाणी कमी केलं. पानं दुपारी माना टाकायला लागली. पुन्हा फोन केला तर म्हणाले, पाणी कमी पडतंय. मग आली तिसरी बाटली, तीनशे पन्नास रुपयांची, तिच्यावर ना घटक छापलेले ना प्रमाण. ती घातल्यावर झाडाला आणखी पालवी फुटली, फूल एक टिकलं नाही. चौथी बाटली मी घेतली नाही. तेव्हा ते शेवटचे घरी आले आणि वर लिहिलेलं वाक्य बोलून गेले. त्यानंतर माझे सगळे निरोप त्यांनी वाचल्याच्या दोन निळ्या खुणा दिसत राहिल्या, उत्तर एकाचंही आलं नाही.

एप्रिलमध्ये गावच्या यात्रेला गेले होते. दुपारी ऊन असं की अंगणात पाय ठेववत नव्हता. नेरूळपेक्षा जास्तच तापलं होतं म्हणाना. रात्री आम्ही बायका ओसरीवर झोपलो. पहाटे कधीतरी मला थंडी वाजली म्हणून जाग आली. पायाशी घडी करून ठेवलेली गोधडी मी अंगावर ओढली, आणि ओढता ओढता थांबले. एप्रिल महिना, आणि मी गोधडी ओढते आहे. नेरूळला याच वेळी, याच महिन्यात, पंखा पाचवर असतो आणि तरी मानेखालची उशी ओली होते. माझ्या कुंड्या त्याच हवेत उभ्या आहेत, दादाची झाडं या हवेत.

मला पुन्हा झोप लागली नाही. उजाडायच्या आतच दादा मोटार बघायला निघाला तेव्हा मी त्याच्या मागे शेतात गेले. झाडांना फळं धरलेली, हिरव्या गोट्यांएवढी. मी त्याला विचारलं, "दादा, तुझी फुलं गळत नाहीत?" तो म्हणाला, "गळतात की. मे महिन्यात रात्रीबी उकडायला लागलं की गळतात. रात गार पडली की परत धरतात." इतकं साधं. त्याने ते जन्मभर पाहिलं आहे, म्हणून त्याने कधी सांगितलं नाही. आणि मी फोनवर त्याला फक्त खत कोणतं घालू एवढंच विचारत राहिले.

परत आल्यावर दोनशे रुपयांचा तापमापक आणून ग्रिलला टांगला आणि दहा दिवस पहाटे पाचला उठून आकडा वहीत लिहिला. एकदाही पारा 26 अंशांच्या खाली आला नाही. त्याच दिवसांत भाच्याला गावाकडे बघायला सांगितलं, तर तिथे 19, 20, एकदा 21. दिवसा त्यांचं ऊन आमच्याहून कडक, पण रात्री डोंगरपठाराची कोरडी जमीन निवते. आमच्याकडे खाडीची दमट हवा आणि दिवसभर तापलेल्या सिमेंटच्या भिंती. रात्र निवतच नाही.

टोमॅटोचं फळ धरायला रात्र साधारण 15 ते 20 अंशांची लागते. फूल उमलण्याच्या आठवडा-दीड आठवडा आधी कळीच्या आत पराग तयार होत असतो, आणि नेमका तेव्हा रात्री उकाडा असेल तर तो पराग निकामी होतो. फूल दिसायला चांगलं असतं, आतून पोकळ. त्यात हवा दमट असली की जो काही पराग चांगला असतो तोही चिकटून बसतो, झडत नाही. झाडाला कळतं की या फुलात बी धरणार नाही, आणि ते फूल टाकून देतं. यात पाण्याचा, हाताचा, नशिबाचा काही संबंध नाही. आणि वरून नत्राच्या बाटल्या ओतल्या तर झाड पानांतच रमतं.

हे कळल्यावर मला आधी सुटका वाटली आणि मग राग आला. इतके दिवस मी अपराधी असल्यासारखी फुलं वेचत होते.

त्या रागातच मी एक कुंडी रिकामी केली. मुळं वेटोळं घालून कुंडीच्या आकाराची घट्ट चकती झालेली, मिश्रण म्हणजे नुसतं कोकोपीट, मातीचा कण नाही. कुंडी धुतली आणि दुधाच्या लिटरच्या मापाने पाणी भरून पाहिलं. साडेसहा लिटर. बिलावर 'दहा इंची मोठी कुंडी' असं लिहिलेलं. दहा इंच भरतात ते वरच्या काठाच्या बाहेरून बाहेर, आणि खाली ती निमुळती. टोमॅटोचं मोठं झाड साडेसहा लिटरमध्ये दुपारी दोनपर्यंतसुद्धा तग धरत नाही. पाणी जास्त आणि पाणी कमी हे जे ते आलटून पालटून सांगत होते, ते दोन्ही खरं होतं: सकाळी चिखल, दुपारी कोरडं. तेव्हा कुंडी विकत घेताना इंच विचारूच नका, लिटर विचारा. विक्रेत्याला सांगता आलं नाही तर त्याच्यासमोर पाणी भरून मोजा. वेलासारख्या वाढणाऱ्या टोमॅटोला किमान वीस लिटर, मिळाली तर पस्तीस-चाळीस. 12 बाय 12 इंचांच्या ग्रो बॅगेत वीस-बावीस लिटर मावतात, 15 बाय 15 च्या बॅगेत चाळीसच्या आसपास. मी आता दुसरीच वापरते, आणि एका पिशवीत एकच झाड. दोन लावण्याचा मोह होतो, लावू नका.

वजनाचं मात्र मनावर घ्या. भरलेली, पाणी प्यालेली अशी पिशवी पस्तीस-चाळीस किलोंची होते. ती खिडकीबाहेरच्या ग्रिलमध्ये ठेवायची वस्तू नाही. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी गच्चीला साफ नकार दिला, गळती होईल म्हणाले. माझा त्यांच्याशी बराच वाद झाला. पण आमच्या इमारतीचं वय बघता त्यांचं चुकलं असं मला आज म्हणता येत नाही. मी पिशव्या दिवाणखान्याच्या गॅलरीत, भिंतीच्या कडेला, विटांवर ठेवल्या.

ती गॅलरी दक्षिणेची आहे. हे नशिबाने जमून आलं, पण तुम्ही जाणूनबुजून जमवा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो, म्हणून दक्षिणेच्या गॅलरीत ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत ऊन थेट आत येतं, सहा तासही मिळतं. तीच गॅलरी मे महिन्यात सावलीत असते, कारण तेव्हा सूर्य डोक्यावर असतो. त्या गृहस्थांनी माझ्या कुंड्या पूर्वेच्या ग्रिलमध्ये ठेवल्या होत्या, तिथलं ऊन साडेदहाला समोरच्या टॉवरमागे जातं. जागा बघायला ते आले होते संध्याकाळी सहा वाजता! उत्तरेची गॅलरी असेल तर टोमॅटोच्या भानगडीत पडू नका, अळू लावा.

दुसऱ्या वर्षी मी कुणाचं पॅकेज घेतलं नाही. 3 ऑक्टोबर 2024 ला घट बसले, त्याच दिवशी बी टाकलं. बी बंगळूरच्या भारतीय फलोद्यान संशोधन संस्थेच्या 'अर्का रक्षक'चं. पानं मुरडणारा विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना तोंड देणारा हा संकरित वाण आहे. घराशी, जिथे औषधं मारायची नसतात तिथे, असाच वाण हवा. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे वाणही आहेत, शेजारणीने 'धनश्री' लावला होता आणि तिला ठीक आला. बाजारातल्या टोमॅटोचं बी काढून लावणाऱ्यांना एवढंच सांगते की तो टोमॅटो बहुधा संकरित असतो, त्याच्या बियांतून त्याच्यासारखंच झाड येईल याचा भरवसा नाही. एखादं चांगलं निघतं, पण चार महिने सांभाळायचं तर एखाद्यावर का विसंबायचं.

रोपं महिनाभर मी जुन्या मच्छरदाणीच्या तुकड्याखाली ठेवली. हा दादाचा सल्ला, आणि माझ्या मते सगळ्या सल्ल्यांत मोलाचा. पांढरी माशी कोवळ्या रोपावर बसली आणि विषाणू देऊन गेली तर पुढे काहीही करा, झाड खुरटतंच. मी सात झाडं लावली, त्यातलं एक डिसेंबरमध्ये बोकडलं. पानं वाटीसारखी वर वळली, वाढ थांबली. मला ते उपटवत नव्हतं. दादा फोनवर ओरडला, "आजच्या आज काढ, उद्या सातच्या सात जातील." काढलं. बाकीच्या सहांजवळ पिवळे चिकट कागद टांगले आणि आठ-दहा दिवसांनी संध्याकाळी कडुलिंबाचं तेल, लिटरला पाच मिली, दोन थेंब साबण घालून फवारत राहिले. अर्का रक्षक असूनही एक गेलं, तेव्हा पाकिटावर रोगप्रतिकारक लिहिलेलं म्हणजे कवचकुंडलं मिळाली असं समजू नका.

भाऊबीजेला दादा आला तेव्हा त्याच्याच हातून रोपं पिशव्यांत लावली. त्याने ती आडवी-तिरकी करून, खालची पानं काढून, खोड अर्ध्यापर्यंत मातीत पुरलं. टोमॅटोच्या खोडाला मातीत जिथे तिथे मुळं फुटतात, म्हणून जितकं खोल लावाल तितकं झाड पुढे पाणी ओढतं. मला हे लहानपणापासून माहीत होतं, आणि तरी फेब्रुवारीत ते गृहस्थ रोपं वरच्या वर टेकवत होते तेव्हा मी काही बोलले नाही. पैसे दिलेल्या माणसाला जास्त कळत असणार, असं आपण धरून चालतो.

मिश्रणाबद्दल फार बोलत नाही, प्रत्येकाची आपली पद्धत असते. माझं एक भाग लाल माती, एक भाग कोकोपीट, एक भाग जुनं शेणखत किंवा गांडूळखत आणि पिशवीमागे मूठ-दोन मूठ निंबोळी पेंड. कोकोपीट मात्र तीन पाण्यांनी धुऊन घ्या, त्यात क्षार असतात. पहिल्या वर्षीचं माझं कोकोपीट धुतलेलं नव्हतं, हे पानांच्या करपलेल्या कडा आठवल्यावर लक्षात आलं. वर स्टेशनजवळच्या रसवंतीतली उसाची चिपाडं वाळवून, चिरून पसरते. माती झाकलेली राहते आणि दुपारचं पाणी टिकतं.

खताचं दादाने सांगितलं तसं केलं, त्यांच्या शेतातल्या प्रमाणाच्या निम्म्याने. वाढीला एकोणीस-एकोणीस, फुलं दिसायला लागली की झिरो-बावन्न-चौतीस, फळं पोसताना तेरा-झिरो-पंचेचाळीस. लिटरला दोन ग्रॅम, आठवड्यातून एकदा, तेही ओल्या मातीत. ज्यांना रासायनिक नको त्यांनी शेणखत जास्त घ्यावं, माझी हरकत नाही. पण नाव-घटक नसलेली बाटली कुणीही 'बूस्टर' म्हणून दिली तर घेऊ नका. त्यात काय आहे हे विक्रेत्याने सांगितलंच पाहिजे, तो तुमचा हक्क आहे.

झाड एका किंवा दोन खोडांवर वाढवायचं. पान आणि खोड यांच्या बेचक्यात फुटणाऱ्या बगलफुटी बोटभर झाल्या की सकाळी मोडून टाकायच्या. पहिल्या वर्षी ते गृहस्थ म्हणाले होते, फांद्या जास्त तितकी फळं जास्त. शेतात कुणाला हे सांगून बघा. वर गॅलरीच्या छताला हूक आहे, तिथून सुतळी सोडली आणि झाड जसं वाढेल तसं तिच्याभोवती फिरवत नेलं.

फुलं 5 डिसेंबरला आली. त्या दिवसांत पहाटेचा पारा माझ्या वहीत 18, 19, 20 असा आहे. पण सहाव्या मजल्यावर, तीन बाजूंनी बंद गॅलरीत, वारा कमी आणि भुंगा नाही. टोमॅटोचं फूल स्वतःचं स्वतः फळतं, त्याला दुसऱ्या झाडाची गरज नसते; पण पराग नळीसारख्या पुंकेसरांच्या आत असतो आणि हादरा बसल्याशिवाय बाहेर पडत नाही. शेतात ते काम वारा करतो, नाहीतर गुणगुणत फुलाला लटकणारा भुंगा. मधमाशीला ते जमत नाही. मी सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान, दव वाळल्यावर, प्रत्येक सुतळीला पाच-सहा टिचक्या मारायचे. नातवाचा बॅटरीचा टूथब्रश घोसाच्या देठाला लावून पाहिला, तोही चालतो. रोज मिनिटभराचं काम आहे. चौथ्या दिवसापासून पाकळ्या वाळल्या आणि त्यांच्या मागे हिरवा मणी दिसला. मी सुनेला हाक मारली. ती आली, तिने बघितलं, आणि म्हणाली, "आई, त्या माणसाला फोटो पाठवा." पाठवला. दोन निळ्या खुणा.

सगळं सुरळीत झालं असंही नाही. पहिल्या घोसातल्या सात-आठ फळांची बुडं काळी, चामड्यासारखी झाली. लोक म्हणाले कॅल्शियम कमी, अंड्याची टरफलं घाल. घातली. टरफलं मातीत विरायला महिने लागतात, या हंगामात त्यांचा उपयोग होत नाही. खरं कारण वेगळं निघालं. मी दोन दिवस पुण्याला गेले होते, पिशव्या कोरड्या पडल्या, आल्यावर भरपूर पाणी ओतलं. कॅल्शियम पाण्याबरोबरच फळापर्यंत जातं. पाणी तुटलं की फळाच्या टोकाला ते पोचत नाही. तेव्हापासून रोज सकाळी, बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालून, जानेवारीत दीड-दोन लिटर, फेब्रुवारीअखेर दोन वेळा. पुढच्या घोसांत एकही फळ काळं झालं नाही. गावाला जाताना कुणाला तरी किल्ली देऊन जा.

आणि हो, उन्हात ठेवा, सकाळी पाणी घाला, रोज झाडाकडे बघा. हे सगळेच सांगतात.

20 मार्च 2025 पर्यंत सहा झाडांचे 17 किलो 400 ग्रॅम टोमॅटो निघाले. प्रत्येक वेळी तोडून, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून, वाण्याच्या वहीत लिहिलं आहे. महिन्याला दहा किलोचं आश्वासन कुणी देत असेल तर त्याला सांगा, तीन-चार महिन्यांच्या एका हंगामात एका चांगल्या झाडाचे तीन किलो, हा माझ्या गॅलरीचा खरा आकडा आहे. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात रात्रीचा पारा 23 च्या वर गेला आणि फुलं पुन्हा गळायला लागली, तीच पिवळी गाठ, तीच झाडं, तेच पाणी. मी झाडं काढून टाकली. आता मला त्याचं काही वाटलं नाही.

"मुंबईत हे होतच नाही," असं म्हणणारेही भेटतात, त्यांचाही मला तितकाच राग येतो. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी 2002 पासून स्वयंपाकघरातल्याच ओल्या कचऱ्यावर भाजीपाला आणि फळझाडं उभी केली. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांनी तर प्रयोग परिवारातून हेच शिकवलं, की पानावर पडणारं ऊन मोजा, मूळ किती आणि कुठे ते बघा, आपली नोंद आपण ठेवा. ते वाचलं तेव्हा मला माझी पारा लिहिलेली वही आठवली. हे होतं, फक्त इथल्या हवेच्या वेळापत्रकाने होतं.

वेळापत्रकही सणावर बांधू नका. 2025 मध्ये घट 22 सप्टेंबरलाच बसले आणि पाऊस तर नवरात्र संपत आलं तरी कोसळत होता. मी थांबले, कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी, 7 ऑक्टोबरला बी टाकलं. पाऊस गेल्यावर बी, दिवाळीच्या आगेमागे लागण, डिसेंबरच्या गारव्यात फूल, असा हिशोब बसला पाहिजे. उन्हाळ्यात काही लावायचंच असेल तर चेरी टोमॅटो लावून बघा, त्याची लहान फळं उकाड्यात थोडी तरी धरतात. मोठ्याची आशा धरू नका.

गेल्या आठवड्यात चौथ्या मजल्यावरची एक मुलगी वर आली. तिने मोबाईलवर जाहिरात दाखवली: 'उन्हाळी टोमॅटो पॅकेज, फेब्रुवारी बुकिंग सुरू', तेच गृहस्थ, त्याच निमुळत्या कुंड्या, आता आठ हजार दोनशे. मी तिला माझी वही दिली, एप्रिल 2024 ची पानं उघडून. तिने आगाऊ रक्कम भरली नाही. माझ्या जुन्या दहा कुंड्यांपैकी सहा तिला देऊन टाकल्या, मेथी-कोथिंबिरीला त्या उत्तम आहेत. उरलेल्या चारांत माझ्याकडे मिरच्या आहेत, आणि गॅलरीतल्या तिसऱ्या पिशवीवर आज सकाळी अकरा टोमॅटो मोजले, त्यातले दोन रंगावर आलेले.